‘काळीसावळी, पण...’ : नाताळचं नाटक आणि आमच्यातला देवदूत

अबोली_नगरची
१६ नोव्हेंबर, रात्री ११:४०

धागा लांब आहे आणि थोडा रागात लिहिलाय, आधीच सांगते.

आमच्या चर्चमध्ये दर नाताळला संडेस्कूलच्या मुलांचं नाटक असतं. माझी मुलगी चौथीत आहे. तिला या वर्षी गब्रीएल, म्हणजे मरीयेला निरोप आणणारा देवदूत, व्हायचं होतं. संवाद ऑगस्टपासून पाठ आहेत. ‘हे कृपा पावलेल्या स्त्रिये, कल्याण असो’ हे ती दात घासताना म्हणते आणि आरशावर पेस्टचे शिंतोडे उडवते. गेल्या रविवारी पात्रं वाटली. तिला मेंढपाळ मिळाला. लागोपाठ तिसऱ्या वर्षी. तोच माझ्या सासऱ्यांचा पंचा, तीच काठी.

उपासना सुटल्यावर शिकवणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, “वाईट वाटून घेऊ नका हं ताई. पाठांतर तिचंच सगळ्यांत छान आहे. पण पांढऱ्या झग्यात उठून दिसायला हवं ना. आणि आपला प्रभू तर हृदय बघतो.”

मी “हो हो” म्हणाले. चहा घेतला, बिस्किटसुद्धा घेतलं. राग आला तो घरी मेथी निवडताना.

‘परमेश्वर हृदय पाहतो’ हे वचन मी लहानपणापासून ऐकतेय. मला ते ऐकवलं गेलं ते प्रत्येक वेळी समजूत काढायला. एक स्थळ नकार देऊन गेलं तेव्हा मावशीने. कॉलेजात नाचातून काढलं तेव्हा आईने. माझ्या गोऱ्या चुलत बहिणीला हे वचन कुणी म्हणून दाखवल्याचं मला आठवत नाही.

मग शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. १ शमुवेल १६. शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी त्याच्या मुलांतून नवा राजा निवडायला आलाय. थोरला अलियाब पुढे येतो, उंच, भारदस्त. शमुवेलाला वाटतं, झालं, हाच. तेव्हा परमेश्वर म्हणतो की त्याच्या रूपाकडे आणि उंचीकडे बघू नकोस, माणूस बाहेरचं बघतो, मी हृदय बघतो. म्हणजे हे वाक्य कुणा बिचाऱ्या कुरूप माणसाची समजूत घालायला म्हटलेलंच नाही! देखण्या पोराला बघून पाघळलेल्या संदेष्ट्याला झापलंय. आधीचा राजा शौल सगळ्या लोकांत डोकं-खांदे वर काढून उभा राहणारा होता, आणि त्याचं पुढे काय झालं हे शमुवेलाने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी हा गडी पुन्हा उंचीच बघतोय. आणि गंमत म्हणजे पाचच ओव्या पुढे, ज्याची निवड होते तो धाकटा दावीद आत येतो, तर तो तांबूस, सुंदर डोळ्यांचा, देखणा! म्हणजे देखणं असणं हाही दोष नाही. ते वचन बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी आहे, आणि आपण ते दिसणारीच्या गळ्यात बांधतो.

आता माझी अडचण. आमची आजी स्थळं सांगायची त्याची एक भाषा होती. ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस.’ ‘रंगाने डावी, पण कामाला वाघ.’ त्या ‘पण’च्या आधी दोष आणि नंतर भरपाई. हा ‘पण’ मला शास्त्रातही सापडला. बायबलातल्या गीतरत्न या प्रेमगीतांच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात ती बाई यरुशलेमेच्या मुलींना सांगते, मी काळीसावळी आहे पण सुरेख आहे, अशा अर्थाचं. शास्त्रातच ‘पण’ असेल तर मी बाईंशी कुठल्या तोंडाने भांडू?

जाणकारांनी सांगावं. आणि व्यवहाराचा प्रश्न: पाळकसाहेबांना (आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना) भेटू, की एवढ्याशा नाटकासाठी नको?

---

पोपटी_रावा
१६ नोव्हेंबर, रात्री ११:५२

जागा धरून ठेवतोय. सविस्तर नंतर.

---

रेवदंडा_ते_अश्दोद
१७ नोव्हेंबर, पहाटे ३:१५

अबोलीताई, मी ख्रिस्ती नाही, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. पण गीतरत्न आमचंही आहे, आम्ही त्याला शीर हशीरीम म्हणतो आणि पेसाखच्या सणात वाचतो. म्हणून तोंड घालतो.

मूळ शब्द आहेत ‘श्खोरा अनी व-नावा’. श्खोरा म्हणजे काळी, अनी म्हणजे मी, नावा म्हणजे सुरेख, शोभणारी. आणि मधे फक्त ‘व’. एक अक्षर, पुढच्या शब्दाला चिकटलेलं. हिब्रूत ह्या ‘व’चा अर्थ ‘आणि’ असतो, संदर्भाने ‘पण’ही होतो. कुठला घ्यायचा ते भाषांतर करणाऱ्याच्या हातात. जुन्या ग्रीक भाषांतरात ‘आणि’ आहे. पुढे लॅटिनमध्ये जेरोमने ‘पण’ केलं, इंग्रजांच्या राजा जेम्सच्या बायबलात ‘पण’ आलं, आणि मग बहुतेकांनी तीच री ओढली. अलीकडच्या काही इंग्रजी भाषांतरांत परत ‘आणि’ आलंय.

पुढची उपमा बघा: केदारच्या तंबूंसारखी, शलमोनाच्या कनातींसारखी. केदारचे लोक वाळवंटातले, त्यांचे तंबू काळ्या बकऱ्यांच्या केसांचे. शलमोनाच्या कनाती म्हणजे राजवाड्यातलं भारी कापड. दोन्ही एका दमात म्हटलंय. तिथे तुमच्या आजीचा ‘पण’ घालून बघा, वाक्य लंगडतं.

मात्र लगेच पुढची ओवी आहे: मी काळी म्हणून माझ्याकडे अशा टक लावून बघू नका. म्हणजे बघणाऱ्या होत्याच! यरुशलेमेच्या मुलींच्या मनात ‘पण’ होताच. तिच्या तोंडात होता की नाही, एवढाच वाद.

आता आमचंही सांगतो, नाहीतर मीच शहाणा ठरेन. कोकणात आमच्यात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भाग होते. ज्यांच्यात बाहेरची बाई आली असं मानलं जाई ते काळे, आणि त्यांच्याशी सोयरीक नको. त्यातला एखादा ‘काळा’ माझ्यापेक्षा उजळ असायचा, तरी तो काळाच. तेव्हा ह्यातला रंग खरंच कातडीचा असतो का, हा प्रश्न मला नेहमी पडत आलाय. असो, इथे पहाट झाली.

---

अबोली_नगरची
१७ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

काका, तुमचा प्रतिसाद मी गॅसवर दूध ठेवून वाचला आणि दूध उतू गेलं. एक अक्षर! खूप आभार.

---

वाडीवरची_बाय
१७ नोव्हेंबर, दुपारी २:२०

रेवदंडाकाकांनी पुढची ओवी अर्धीच सांगितली. तिचा उरलेला भाग माझा आवडता आहे. ती म्हणते, मला उन्हाने करपवलंय. माझे भाऊ माझ्यावर रागावले, त्यांनी मला द्राक्षमळ्यांची राखण करायला लावलं, आणि माझा स्वतःचा मळा मात्र मला राखता आला नाही.

ही बाई वसईची आहे हो! आमच्या आज्या अशाच. पहाटे वाडीत पाणी लावायचं, भाजी काढायची, फुलं तोडायची, टोपली भरायची आणि लोकल पकडून दादर गाठायचं. माझ्या आजीचं लाल लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं असायचं. खोचणीच्या खालचा पाय एका रंगाचा आणि वरचा दुसऱ्याच. लहानपणी आम्ही ती रेघ बोटाने मोजायचो. तिच्या चेहऱ्यापेक्षा तिचे पाय मला जास्त आठवतात.

तिच्या जिवावर घरातले सगळे शिकले, पक्की घरं झाली. आणि मग त्याच घरात मला दहावीनंतर काय सांगितलं गेलं? “उन्हात वाडीत जाऊ नको, लग्न व्हायचंय.” म्हणजे ज्या उन्हाने घर बांधलं तेच ऊन आता मुलीला लागू द्यायचं नाही.

माझं म्हणणं असं की गोरेपणाचं कौतुक हे बरेचदा सावलीत बसायला मिळाल्याचं कौतुक असतं. गीतरत्नातली बाई ते ओळखून आहे. ती रंगाबद्दल माफी मागत नाही, कामाला कुणी लावलं त्याचं नाव घेते.

आणि हो, पाळकांना भेटाच. आमच्यात फादरना भेटतो आम्ही, फुलांच्या सजावटीवरूनसुद्धा.

---

थेट_बोल
१७ नोव्हेंबर, सायंकाळी ६:१०

सगळं छान लिहिताय पण मुद्दा एवढाच आहे की एका लहान मुलीला हवा तो रोल मिळाला नाही. दर वर्षी दहा मुलांना मिळत नाही. प्रत्येक गोष्टीत रंग शोधायचा म्हटलं की सापडतोच.

दुसरं, १ पेत्र ३ मध्ये स्पष्ट आहे. केस गुंफणं, सोनं घालणं, भारी कपडे ही स्त्रीची शोभा नाही, तर अंतःकरणातला सौम्य आणि शांत आत्मा ही शोभा. मग बाहेरच्या दिसण्यावर एवढा खल करणं हेच मुळात ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. विषय संपला.

---

निर्मला_स
१७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

थेट_बोल दादा, विषय संपला म्हणालात म्हणून लिहिते. त्या वचनात मी अठरा वर्षं राहिलेय.

बाप्तिस्मा घेतला तेव्हा आमच्या मंडळीच्या रिवाजाप्रमाणे मी कानातलं, बांगड्या, सगळं काढलं. मनापासून काढलं, कुणी जबरदस्ती केली नाही, आजही पस्तावा नाही. सुरुवातीला फार मोकळं वाटलं. लग्नात कुणाच्या गळ्यात किती तोळे हे मोजणं एकदम बंद.

पण काही वर्षांनी लक्षात आलं की मोजणं बंद झालंच नाही, फक्त माप बदललं. पांढरी साडी किती पांढरी, स्टार्च किती कडक, निऱ्या किती बारीक. कुणाची ओढणी डोक्यावरून किती वेळा घसरली. एका बहिणीने कानाची भोकं बुजावीत म्हणून काय काय लावलं ते सांगितलं तर हसाल. आणि ‘सौम्य व शांत’ हे तर आता इतकं बाहेरचं झालंय की खालच्या आवाजात बोलणारी ती आत्मिक, आणि माझ्यासारखी, जिचा आवाज जन्मतःच भाजीबाजारातला आहे, ती कमी आत्मिक.

दागिने नसताना रंग तर जास्तच दिसतो हेही लिहून ठेवते. गोरी बाई बिनदागिन्याची ‘साधी’ दिसते. माझ्यासारखीला लोक विचारतात, “घरी काही अडचण आहे का?”

पेत्राने ज्या काळात लिहिलं तेव्हा सोन्याच्या तारा गुंफून केस बांधायला घरात दासी लागायच्या. तो श्रीमंतीच्या दिखाव्याला बोलतोय, आरशाला नाही, असं मला वाटतं. चूक असेन तर सांगा, पण वचन दाखवून सांगा.

---

थेट_बोल
१७ नोव्हेंबर, रात्री १०:०२

ताई, ‘विषय संपला’ मागे घेतो. बाकी मत तेच आहे.

---

मेळावा_सचिव
१८ नोव्हेंबर, सकाळी ११:४५

मी आमच्या भागात ख्रिस्ती वधूवर मेळाव्याचं काम बघतो. पाच-सहा चर्चं मिळून करतो. फॉर्ममध्ये आधी ‘रंग’ असा रकाना होता: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. ‘काळा’ असा पर्यायच नव्हता, आणि ते आम्हाला कुणालाच कधी खटकलं नाही. ‘सावळा’वर फार थोडे खूण करत. सगळे गव्हाळ. अहो, गव्हाचे तरी किती प्रकार! लोकवन गव्हाळ, सिहोर गव्हाळ, आणि आमच्यासारखे खपली गव्हाळ.

२०२० साली जगभर वर्णद्वेषावर ओरड झाली, तेव्हा १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या त्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. एका मोठ्या लग्नाच्या वेबसाइटने रंगावरून स्थळं चाळायची सोय काढली. आम्हालाही स्फुरण चढलं. मीटिंगमध्ये प्रार्थना करून रकाना काढून टाकला.

परिणाम ऐका. आता लोक मला फोन करून विचारतात. “सचिव साहेब, फोटो उजेडात काढलाय का?” “तुम्ही मुलीला प्रत्यक्ष बघितलंय ना, कशी आहे?” “मंडळीत आम्ही असलं काही मानत नाही, पण मुलाच्या आईचा आग्रह.” पूर्वी हे पाप फॉर्म करायचा, आता माझ्या तोंडून करवून घेतात. मुलाची आई म्हणजे आपल्या समाजातली सर्वांत बदनाम व्यक्ती आहे, सगळं तिच्या नावावर खपतं.

मुलांचंही सांगतो. उंचीचा रकाना अजून आहे. साडेपाच फुटांखालच्या मुलाचा फॉर्म मी हातात घेतला की मला त्याच्यासाठी वाईट वाटतं. अलियाब लगेच खपतो.

---

पोपटी_रावा
१८ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

सविस्तर लिहिणार होतो, सगळं लिहून झालंय. फक्त टक्कल असलेल्यांच्या वतीने नोंद करतो: २ राजे, अध्याय २. अलीशा संदेष्ट्याला पोरं “टकल्या, वर चढ” म्हणून चिडवतात, आणि रानातून दोन अस्वली येऊन बेचाळीस पोरांना फाडतात. रंगाबद्दल अबोलीताई शोधोत, टकलाबद्दल शास्त्र अत्यंत स्पष्ट आहे.

(रंगाबद्दलही आहे म्हणा. गणना १२. मोशेने कूशी बायको केली, म्हणजे मिसरच्या दक्षिणेकडची. मिर्यामने त्यावरून कुरकुर केली. शिक्षा काय? अंगभर कोड, बर्फासारखं पांढरं. पांढरंच हवं होतं ना, घे.)

---

काळी_माती
१८ नोव्हेंबर, रात्री ८:५०

हसून झालं असेल तर एक कडू बोलतो.

रेवदंडाकाका हळूच बोलले ते मी मोठ्याने बोलतो. आपल्यात रंग हा रंग नसतो. मीही नगर जिल्ह्यातला. अमेरिकन मिशन नगरला १८३१ मध्ये आलं, आणि गावोगाव जे ख्रिस्ती झाले त्यांत महार आणि मांग समाजाचे खूप. माझे पणजोबा त्यातलेच. थोडे वरच्या जातींतूनही आले, त्यांची नावं पुस्तकांत आहेत.

आज चार पिढ्यांनंतर नव्या चर्चमध्ये गेलो की काय होतं? माझ्या बायकोला विचारतात, “तुम्ही मूळचे कोण? वाटत नाही हो.” ती उजळ आहे. ‘वाटत नाही’ ही स्तुती असते! मला कुणी विचारत नाही. माझं ‘वाटतं’.

ताई, तुमच्या त्या बाईंना रंग दिसला असेल, पण त्या रंगात त्यांना आणखी काय दिसलं हे त्यांनाही विचारून सांगता येणार नाही. ‘उठून दिसायला हवं’ म्हणजे कुणाच्यातून उठून? तेव्हा हे फक्त क्रीमवाल्यांनी आणि सिनेमाने केलं असं म्हणून हात झटकू नका. क्रीम १९७५ ची आहे, हे त्याच्या फार आधीचं आहे.

---

इंद्रायणी_काठ
१९ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

धागा वाचतेय, ख्रिस्ती नाही, माळकरी घरातली. आमच्यात देव काळाच. वारीत अठरा दिवस चालून त्या सावळ्याला डोळे भरून बघतात, आणि घरी येऊन सून मात्र गोरी शोधतात. तुम्ही निदान एका अक्षरावर भांडताय.

एक भाबडा प्रश्न: तुमच्या घरांत येशूचा फोटो असतो तो गोरा, निळसर डोळ्यांचा, सोनेरी केसांचा का असतो? तो तर तिकडचा ना?

---

मांडवीतीर
१९ नोव्हेंबर, दुपारी ४:००

इंद्रायणीताई, भाबडा नाही, मुळावरचा प्रश्न आहे. तुम्ही म्हणता तो बहुतेक वॉर्नर सॉलमन नावाच्या अमेरिकन चित्रकाराचा येशू. १९४० चा. अमेरिकेत छापला आणि कोट्यवधी प्रती जगभर गेल्या. कॅलेंडरं, पाकिटात ठेवायची कार्डं, गाडीच्या डॅशबोर्डवरचे स्टिकर, सगळीकडे. आमच्या घरी तोच होता, खाली लाल बल्ब.

पण गोंयकार म्हणून मला दुसऱ्या एका माणसाबद्दल सांगायचंय. आंजेलो द फोन्सेका. जन्म १९०२, गोव्यातल्या सांतो इस्तेव्ह बेटावरचा. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकला. मग त्याने मारिया काढली, ती साडी नेसलेली, गव्हाळ-सावळी, आपल्याकडच्या बायका बसतात तशी जमिनीवर बसलेली. गोव्यात त्यावर टीका झाली. आमच्या सायबिणीला, म्हणजे मारियेला, हे काय नेसवलं, म्हणून. युरोपातून आलेल्या लाकडी मूर्तीचे गुलाबी गाल हे लोकांना मूळ वाटत होते, आणि शेजारच्या बाईसारखी दिसणारी मारिया अपमान वाटत होती.

तो पुण्याला आला आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्ती आश्रमात राहिला, आणि आयुष्यभर चित्रं काढत राहिला. १९६७ मध्ये गेला. त्याची बरीच चित्रं आता पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत. गोव्याला याल तेव्हा बीचवरून अर्धा दिवस काढून बघा.

मी पहिल्यांदा बघितली तेव्हा भक्तिभाव वगैरे काही आला नाही. त्या मारियाचे खांदे बघून वाटलं, ही दमलीय. माझी आई मासळी साफ करून उठली की अशी बसायची. दमलेली मारिया मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. गुलाबी गालांच्या मूर्तीला दमायला परवानगीच नसते.

---

जुना_मेंढपाळ
१९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

मी सेवानिवृत्त पाळक. चिरंजीवाने हा धागा वाचून दाखवला आणि टंकायलाही तोच बसलाय.

अबोलीबाई, तुमच्या बाईंना दोष देण्याआधी माझी कबुली घ्या. छत्तीस वर्षं नाताळच्या नाटकाची पात्रं मी वाटली. देवदूत नेहमी गोरे. बाळ येशूला भेटायला आलेले मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, तीनच होते असं मत्तय शुभवर्तमानात कुठेही म्हणत नाही, नावंही देत नाही, तरी आम्ही तीन करायचो आणि त्यातला एक ‘काळा राजा’ करायचो. मंडळीतला सर्वांत सावळा मुलगा निवडायचा आणि वर त्याच्या तोंडाला जळका बूच फासायचा. तो मुलगा आता बँकेत अधिकारी आहे. मला भेटला की नमस्कार करतो. मी त्याला कधी विचारलं नाही.

मी पन्नासहून अधिक वेळा यशया ५३ वर उपदेश केला असेन. ‘त्याला रूप नव्हते, शोभा नव्हती’, त्याच्याकडे पाहून मन ओढावं असं सौंदर्य नव्हतं. आम्ही मानतो की हे ख्रिस्ताबद्दल आहे. उपदेश संपवून खाली उतरायचो आणि देवदूत निवडायचो.

‘आतलं सौंदर्य’ हा शब्द मी हल्ली वापरत नाही. शास्त्राने शरीर वाऱ्यावर सोडलेलं नाही. परमेश्वराने माती हातात घेऊन माणूस घडवला. येशूने कुष्ठरोग्याला बरं केलं ते आधी हात लावून. नुसता शब्द पुरला असता. आणि पुनरुत्थान झाल्यावर त्याच्या गौरवी देहावर खिळ्यांचे व्रण तसेच होते, शंका घेणाऱ्या शिष्याला, थोमाला, त्याने ते दाखवले. मृत्यू पुसला, व्रण पुसले नाहीत. मला वाटतं याच्यावर मी पुरेसं बोललो नाही.

पाळकसाहेबांना भेटा. भांडायला नको, लूक १ घेऊन जा. गब्रीएल त्या अध्यायात दोनदा येतो. आपण नाटकात एकदाच आणतो.

---

अबोली_नगरची
२० नोव्हेंबर, सकाळी ६:५०

पाळककाका, दोनदा!! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मरीयेच्या आधी तो मंदिरात याजक जखऱ्याकडे येतो!

काळी_माती, तुमचं रात्रभर डोक्यात होतं. उत्तर नाही माझ्याकडे. आमच्या घरीही ‘वाटत नाही’ चालतं, आणि मी ते ऐकून घेतलंय. इतकंच सध्या.

भेटून आले की लिहिते.

---

निर्मला_स
२ डिसेंबर, रात्री ९:००

ताई, काय झालं? आम्ही इथे ताटकळलोय.

---

अबोली_नगरची
१४ डिसेंबर, रात्री ११:१०

सॉरी, मध्ये घरात तापाची साथ होती.

पाळकसाहेबांना भेटले. लूक १ उघडून समोर ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला, आणि बाईंनाच बोलावून घेतलं. मला वाटलं होतं की बाई चिडतील. त्या म्हणाल्या, “मी असं म्हणाले? खरंच?” आणि रडायलाच लागल्या. मग मला त्यांना पाणी द्यावं लागलं. त्यांचा स्वतःचा रंगही माझ्यासारखाच आहे, हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. का लिहिलं नाही कोण जाणे. लिहायला हवं होतं.

तर आता नाटकाच्या सुरुवातीला जखऱ्याचा प्रवेश घातलाय. मरीयेकडे येणारा गब्रीएल झालेली गोरी मुलगी तशीच राहिली, तिचा काय दोष. आमची लेक मंदिरातला गब्रीएल. आणि हा रोल तिला दुप्पट आवडलाय, कारण जखऱ्या विश्वास ठेवत नाही म्हणून गब्रीएल त्याला मुका करतो. जखऱ्या झालेला मुलगा सहावीतला, तिच्याहून हातभर उंच. ही बोट रोखून “मी देवासमोर उभा राहणारा गब्रीएल आहे” म्हणते तेव्हा तो खरंच दचकतो. घरी आता बाबांना रोज मुकं केलं जातं.

आज रंगीत तालीम होती. पांढरा झगा, पुठ्ठ्याचे पंख (हँगरच्या तारा आत घातल्यात, मस्त उभे राहतात). मी मागे पिन लावत होते. तेवढ्यात महिला मंडळाच्या एक मावशी आल्या, फार चांगल्या आहेत, सगळ्या मुलांचं तोंड त्याच रंगवतात. हातात पावडरचा डबा आणि गुलाबी पफ. हिच्या हनुवटीला धरून म्हणाल्या, “जरा हात फिरवते हं, लाइटमध्ये उजळ दिसेल.”

लेकीने माझ्याकडे बघितलं. ती काही बोलली नाही. मीही काही बोलले नाही, मला पटकन सुचलंच नाही. मी मावशींच्या हातातून डबा घेतला, “मी लावते, तुम्ही मेंढपाळांचं बघा” म्हणाले, आणि मावशी वळल्यावर तो पर्समध्ये टाकला.

घरी आल्यावर पर्स उघडली तर डब्याचं झाकण निघालेलं. किल्ल्या, रेल्वेचा पास, उपासनेचं गीतपुस्तक, सगळं पांढरंफटक. झटकत बसलेय. डबा पुढच्या रविवारी परत द्यायचाय, आत काही उरलं असेल तर.